बाटली टाकली, गाडी सुधारली, पुन्हा तेच: इंजिनातला कार्बन परत परत का साचतो?

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की गाडी थरथरते, सिग्नलला आयडलिंग वर-खाली होतं, घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की इंजिनातून कडकड आवाज येतो आणि ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरनं उतरलेलं असतं. कुणीतरी सांगतं, "कार्बन साचलाय, इंजेक्टर क्लीनर टाक." बाटली आणून टाकीत ओतली जाते, काही दिवस गाडी खरंच छान पळते आणि मग हळूहळू सगळं पूर्वपदावर येतं. पुन्हा बाटली, या वेळी महागातली. तिसऱ्या खेपेला एक तर "हे सगळं थोतांड आहे" असं ठरतं, नाहीतर थेट इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलायची भाषा सुरू होते.

दोन्ही घाईचं आहे. चांगल्या ॲडिटिव्हमधलं, म्हणजे टाकीत ओतायच्या अशा क्लीनरमधलं, रसायन काम करतं, यात शंका नाही. मात्र ते जिथपर्यंत पोहोचतं तिथेच काम करतं. आणि एकदा साफ झालेली जागा पुन्हा काळी होत असेल, तर काळं करणारं कारण इंजिनात अजून तसंच बसलेलं आहे. ते शोधल्याशिवाय पुढची बाटली घेऊ नका, एवढंच सांगण्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

कार्बन नेमका कुठे आहे?

"इंजिनात कार्बन आहे" हे वाक्य "पोटात दुखतंय" इतकंच मोघम आहे. इंजिनात निदान पाच-सहा ठिकाणी थर बसतो, प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असतं आणि उपायही वेगळा.

हवा आत येते त्या वाटेवर पहिलं ठिकाण म्हणजे थ्रॉटल बॉडी, इंजिनात किती हवा जाईल हे ठरवणारी झडप जिथे असते ती जागा. इंजिन ऑइलची वाफ पीसीव्हीच्या नळीतून परत इनटेकमध्ये सोडलेली असते. त्या वाफेतलं तेल आणि धूळ मिळून थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला काळी चिकट रिंग तयार होते. लक्षण असं, की एसी लावला किंवा सिग्नलला क्लच दाबला की आरपीएम एकदम पडतो, कधी गाडी बंदच पडते. चालत्या गाडीला मात्र पिकअपचा काही त्रास नसतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल थ्रॉटल बॉडीतून जातच नाही. त्यामुळे टाकीत कितीही भारी बाटली ओतली तरी तिचा एक थेंबही इथवर येत नाही. इथे थ्रॉटल क्लीनरचा स्प्रे आणि मऊ फडकं लागतं. स्प्रे फडक्यावर मारून पुसायचं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू ठेवून बोटानं झडप ढकलायची नाही, आतली मोटर आणि गिअर बिघडतात. साफ केल्यावर आयडलिंग काही वेळ चढलेलं राहू शकतं, कारण ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) घाणेरड्या थ्रॉटलचा हिशोब धरून ठेवलेला असतो. तो स्कॅनरनं किंवा त्या गाडीच्या ठरलेल्या पद्धतीनं पुन्हा शिकवावा लागतो.

पुढे इनटेक व्हॉल्व्ह. साध्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत, इंजेक्टर व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल फवारतो. त्या पाठीवर खरपुड्या जमल्या की थंड इंजिनात त्या स्पंजसारखं पेट्रोल शोषून घेतात आणि सिलिंडरला मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिळतं. म्हणून सकाळची पहिली दोन-तीन मिनिटं गाडी अडखळते आणि गरम झाली की शहाण्यासारखी चालते. हे लक्षण असेल तर बाटलीचा उपयोग होण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण पेट्रोलमधलं डिटर्जंट रोज त्याच पाठीवर पडत असतं.

इंजेक्टरच्या टोकावरचा थर मुख्यतः इंजिन बंद केल्यावर बनतो. गाडी उभी केली की शीतक फिरायचं थांबतं, पण हेडची उष्णता काही मिनिटं टोकाकडे येत राहते आणि तिथे उरलेला पेट्रोलचा अंश भाजून चिकटतो. दिवसात अनेकदा थोडं थोडं चालवून बंद होणाऱ्या गाड्यांचे इंजेक्टर लवकर खराब होतात, ते यामुळेच. फवारा नीट पडत नाही, एखादा सिलिंडर मिस मारतो, म्हणजे मध्येमध्ये पेट घेत नाही. यावरही टाकीतलं ॲडिटिव्ह चांगलं चालतं.

चौथं ठिकाण पिस्टनचा माथा आणि हेडची आतली बाजू. हा थर जागा व्यापतो, म्हणून कॉम्प्रेशन थोडं वाढतं. शिवाय तो उष्णता धरून ठेवतो. परिणाम म्हणजे नॉकिंग, सुरुवातीला सांगितलेली ती कडकड. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, त्यामुळे आवाज फारसा येत नाही, फक्त गाडी उचलत नाही. इथवर पोहोचणारं रसायन एकच प्रकारचं, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मग पिस्टनच्या रिंगा. ऑइल रिंगेच्या खाचेत कार्बन भरला, तेल परत जायची भोकं बुजली, की इंजिन ऑइल खायला लागतं. टाकीतली बाटली इथे फारसं काही करू शकत नाही.

आता ज्यांच्याकडे डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल टर्बो आहे त्यांनी लक्षपूर्वक वाचा. फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, ह्युंदाई-कियाची टी-जीडीआय, महिंद्राची टीजीडीआय, मारुतीची बूस्टरजेट, या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबही पडत नाही, फक्त ऑइलची वाफ येऊन भाजत राहते. या गाडीत बाटली ओतली तर इंजेक्टर आणि पिस्टनचा माथा सुधारेल, व्हॉल्व्हची पाठ होती तशीच राहील. (टोयोटाच्या डी-४एस पद्धतीत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, ते याच अडचणीवर मोठं उत्तर आहे.) टर्बो पेट्रोल म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच असंही नाही. टाटाच्या नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल मल्टिपॉइंट आहे. आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

सीएनजीवाल्यांची वेगळी गोष्ट

महाराष्ट्रात आता एवढ्या गाड्या सीएनजीवर पळतात, पण ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या पेट्रोल टाकीत ॲडिटिव्ह ओतून पुन्हा सीएनजीवरच चालवलं, तर ती बाटली टाकीत नुसती पडून राहते. कंपनी-फिटेड मारुतीच्या सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन थोडं गरम झाल्यावर गॅसवर जातात. टाटाच्या आयसीएनजी तर थेट गॅसवरच सुरू होतात. म्हणजे ॲडिटिव्ह मिसळलेलं पेट्रोल रोज घोटभर जळणार किंवा अजिबातच जळणार नाही.

सीएनजी स्वतः फार स्वच्छ जळतो, त्यानं कार्बन फारसा बसत नाही. त्रास होतो तो बेकार पडून असलेल्या पेट्रोल इंजेक्टरांना आणि टाकीत महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलला. म्हणून सीएनजी गाडीचं "पेट्रोलवर मिसिंग मारते, गॅसवर ठीक आहे" असं असेल तर ती इंजेक्टर सफाईची केस आहे: टाकीत दहा-बारा लिटर ताजं पेट्रोल, त्याच्या प्रमाणात ॲडिटिव्ह, आणि बटण पेट्रोलवर ठेवून ते संपेपर्यंत चालवायचं. उलट "गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक" असेल तर कार्बनचा नाद सोडा. प्लगचं अंतर, कॉइल (ठिणगीला वीज पुरवणारी), गॅसचा फिल्टर आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) बघा. गॅसच्या मिश्रणाला पेटायला जास्त ताकदीची ठिणगी लागते, त्यामुळे थकलेला प्लग किंवा कॉइल आधी गॅसवर उघडी पडते.

प्लग काढून बघा

घरी करण्यासारखी सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे प्लग. इंजिन थंड असताना कॉइल काढा, सोळाच्या प्लग पान्यानं (नव्या काही गाड्यांना चौदाचा लागतो) सगळे प्लग काढा आणि ज्या सिलिंडरचा जो, त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा. क्रम चुकू देऊ नका. अर्धं निदान त्या क्रमातच आहे.

टोकावरचं पांढरं चिनी मातीचं नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरमध्ये जळण ठीक आहे. कोरडी, मखमली काजळी असेल, बोट लावलं की बोट काळं होत असेल, तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा नीट जळत नाही. काळं पण ओलसर, चकचकीत, तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. पांढरंफटक आणि खरबरीत असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा प्लग अति तापतोय.

आता सगळ्यांकडे एकत्र बघा. चारही प्लग सारखेच काजळलेले असतील तर कारण सामाईक आहे: एअर फिल्टर, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, किंवा गाडी चालवायची पद्धत. एकच काळा आणि बाकी स्वच्छ असतील तर त्या एकाच सिलिंडरची भानगड आहे: गळका इंजेक्टर, कमजोर कॉइल, व्हॉल्व्ह सील किंवा रिंग. एका सिलिंडरच्या आजारावर सगळ्या टाकीला औषध पाजत बसलं तर महिन्याभरात तोच प्लग पुन्हा काळा होणार. कॉइलचा संशय असेल तर ती शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल दोषी.

प्लग काढलेलेच आहेत तर मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा भोकातून आत सोडा. तो आता सहज आणि स्वस्तात मिळतो. पिस्टनचा माथा कोरडा, काळपट आणि पातळ थराचा असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, वापरलेलं प्रत्येक इंजिन आतून काळंच असतं. जाड, भेगाळलेल्या, चिखल वाळल्यासारख्या खपल्या दिसल्या तर तो खरा कार्बन. आणि माथ्याची फक्त बाहेरची कड धुतल्यासारखी स्वच्छ, ओली दिसली तर रिंगांवरून तेल वर येतंय. ही खूण जुन्या मिस्त्रींना बरोबर ठाऊक असते.

स्कॅनर असेल, साधा ब्लूटूथवालाही चालेल, तर कोडसोबत फ्युएल ट्रिमही बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे ठरावीक सिलिंडरला. लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला बराच अधिक आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर कुठेतरी व्हॅक्युमची गळती आहे, फाटकी नळी शोधा. इंजिनावर वजन पडल्यावर, म्हणजे जोर लावताना, ट्रिम वाढत असेल तर इंजेक्टर तुंबलेले किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी. ट्रिम बराच उणे असेल तर पेट्रोल जादा येतंय आणि कार्बनचा कारखाना तिथेच चालू आहे.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर यातलं काहीही नंतर. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतोय. कन्व्हर्टर बदलायचा खर्च सगळ्या बाटल्यांच्या कितीतरी पट असतो. गाडी हळू चालवत गॅरेजला न्या आणि आधी मिसिंग काढा.

परत परत का साचतो?

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित कारण थर्मोस्टॅट आहे. गाडी एकदा गरम झाली, रेडिएटर उकळला, की अनेक गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. "आपल्याकडं एवढं ऊन, त्याची गरजच नाही," असं समजावतात आणि मालकालाही पटतं. पण थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन ठरलेल्या तापमानाला पोहोचायला फार वेळ घेतं, थंडीत आणि हायवेवर तर पोहोचतच नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. प्लग काजळतात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, ॲव्हरेज पडतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी हेच. तपासायला सोपं आहे: स्कॅनरवर शीतकाचं तापमान बघत दहा-पंधरा मिनिटं चालवा. ते ८५-९५ अंशांच्या आसपास येऊन टिकलं पाहिजे. ६५-७० वर घुटमळत असेल, हायवेला लागताच खाली येत असेल, तर बाटलीचे पैसे थर्मोस्टॅटला द्या. तो बदलला की काळे प्लग आपोआप राखाडी होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. गाडी गरम होण्याचं मूळ कारण, म्हणजे बंद फॅन, तुंबलेला रेडिएटर किंवा गळका वॉटर पंप, ते वेगळं दुरुस्त करा.

दुसरं कारण वापर. घरापासून मंडई, मंडईपासून शाळा, शाळेतून घर, प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. हडपसर किंवा ठाण्याच्या गर्दीत चाळीस मिनिटं गाडी चालू असते, पण त्यातली निम्मी आयडलिंगला जातात. प्लगला स्वतःवरची काजळी जाळायला साधारण ४५०-५०० अंशांच्या वर तापावं लागतं. आयडलिंगला तेवढा तो तापत नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर पळवा. वेग वाढवायची गरज नाही, गिअर खाली ठेवायचा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ६०-७० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये ३५०० ते ४००० आरपीएम, वीस-पंचवीस मिनिटं, मधूनमधून पूर्ण पाय देऊन. चढ असेल तर उत्तम, इंजिनावर वजन येतं. खंबाटकीचा चढ शहरात अडकलेल्या गाडीला चांगला मानवतो. जुने लोक "गाडी मोकळी करून आण" म्हणायचे, त्यात तथ्य आहे. फक्त ऑइल-पाणी तपासूनच निघा.

तिसरं, ऑइल. सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर झुळूक येऊन थांबते, ती व्हॉल्व्ह सीलची. चढावर किंवा पाय दाबल्यावर निळा धूर येत राहतो, तो रिंगांचा. पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला तरी ऑइलची वाफ जास्त ओढली जाते, आणि तो बदलणं बहुतेक गाड्यांत अगदी स्वस्त काम आहे, म्हणून तो आधी. ऑइलची पातळी दर हजार किलोमीटरला डिपस्टिकवर बघून लिहून ठेवा. ऑइल खाणाऱ्या इंजिनात कार्बन पुन्हा पुन्हा बसणारच. गाडी कमी किलोमीटर चालली म्हणून ऑइल वर्षापलीकडे ताणू नका. थोडं थोडं चालणाऱ्या गाडीत ते लवकर खराब होतं.

पेट्रोलबद्दल दोन गोष्टी. भेसळीचा संशय आला तर पंपावर फिल्टर पेपर मागायचा हक्क ग्राहकाला आहे. नोझलचं टोक पुसून एक-दोन थेंब कागदावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. डाग राहिला तर रॉकेलसारखं काही जड त्यात आहे, आणि ते कार्बन वाढवणारच. आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वरून सध्या जी चर्चा चालते त्याबद्दल: इथेनॉल स्वतः काजळी कमी करतो. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी येते. एवढ्यापुरता ॲव्हरेज उतरला असेल तर कुठलंही कार्बन क्लीनर तो भरून काढणार नाही. जुन्या गाडीत मात्र इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतो आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. ई२० नंतर गाडी जोर लावताना मागे ओढायला लागली असेल तर फ्युएल फिल्टर आणि पंपाची जाळी आधी बघा.

बाटली निवडायची आणि वापरायची कशी

हे सगळं तपासून झालं, कारण दुरुस्त झालं, आता बसलेला थर काढायचा आहे. इथे बाटली खरी कामाला येते.

घटकांत पॉलिइथर अमाइन शोधा, पीईए. हे रसायन सिलिंडरमधल्या उष्णतेतही टिकून काम करतं, म्हणून इंजेक्टर, व्हॉल्व्हची पाठ आणि पिस्टनचा माथा तिन्हीवर चालतं. शेव्हरॉनचं टेक्रॉन यासाठी ओळखलं जातं. दुसरा घटक पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन. तो इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह चांगले ठेवतो, पण सिलिंडरच्या आतला थर त्यानं जात नाही, कधी थोडा वाढतोही. बऱ्याच स्वस्त बाटल्यांत मुख्यतः रॉकेलच्या जातीचं द्रावक असतं आणि डिटर्जंट नावापुरतं. लेबलवर काहीच लिहिलं नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट बघा, त्यात घटक आणि टक्केवारीचा अंदाज मिळतो. तीही नसेल तर ती बाटली घेऊ नका. चित्रातल्या चकचकीत पिस्टनवर जाऊ नका.

पेट्रोलमध्ये डिटर्जंट असावं हे जगभर मान्य झालेलं आहे. अमेरिकेत १९९५ पासून ते सक्तीचं आहे, आणि २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा, टोयोटा यांनी मिळून त्याहून कडक असा टॉप टिअर दर्जा आणला. तिकडे राहणाऱ्यांनी पंपावर ते चिन्ह बघून भरलं तर वेगळी बाटली क्वचितच लागेल. आपल्याकडे एक्सपी९५, पॉवर, स्पीड अशा ब्रँडेड पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह असतं. मधूनमधून ते भरणं हा थर बसू न देण्याचा बरा मार्ग आहे. बसलेला जाड थर काढायला मात्र त्यातलं प्रमाण पुरत नाही.

प्रमाण नीट घ्या. अनेक आयात बाटल्या ६०-७० लिटरच्या टाकीसाठी असतात आणि आपल्या छोट्या गाडीची टाकी असते ३०-३५ लिटरची. पूर्ण बाटली ओतण्यात शहाणपणा नाही, लेबलवरच्या हिशोबानं अर्धी टाका. टाकी रिझर्व्हला आल्यावर आधी ॲडिटिव्ह, मग पेट्रोल, म्हणजे चांगलं मिसळतं. ती टाकी शक्यतो लांबच्या प्रवासात आणि सलग संपवा. रत्नागिरी, कोल्हापूर, नाशिक, जिकडे जायचं असेल त्याच्या आदल्या दिवशी टाकणं सर्वांत चांगलं. जुना थर एका टाकीत जात नाही, दोन टाक्या द्या. थोडं रसायन रिंगांवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीला हे करा आणि लगेच ऑइल बदला. त्यानंतर दर ऑइल बदलाच्या आधी एकदा, एवढं पुष्कळ होतं. दर टाकीला टाकायची गरज नाही.

फरक पडला का, हे मनाच्या अंदाजावर सोडू नका. आधी आणि नंतर प्लगचे फोटो, फ्युएल ट्रिमचे आकडे, टाकी फुल ते टाकी फुल ॲव्हरेज. दोन टाक्यांनंतर यातलं काहीच हललं नसेल तर थर त्या जागी नाही, किंवा आजार कार्बनचा नाही.

काही गोष्टी करूच नका. टाकीत डांबरगोळ्या टाकायचा जुना सल्ला अजून फिरतो. नॅफ्थॅलीन काजळी वाढवतो आणि थंड पेट्रोलमध्ये पुन्हा खडे होऊन फिल्टरला बसू शकतो. ॲसिटोननं रबरी सील फुगतात. चालू इंजिनाच्या इनटेकमधून पाणी ओढवायचे व्हिडिओ बघून कुणी प्रयोग करू नये, प्रमाण जरा चुकलं की पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलमध्ये डिझेल मिसळून फ्लश मारणं तर गॅरेजमध्ये सर्रास चालतं. जुन्या इंजिनात त्यानं सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीला बसतो, वर पातळ ऑइलवर बेअरिंग घासतं. त्याऐवजी चांगलं ऑइल लवकर लवकर दोनदा बदललं तर गाळ हळूहळू आणि धोक्याविना निघतो. एचएचओ गॅसच्या (पाण्यापासून बनवलेल्या हायड्रोजन-ऑक्सिजनच्या) मशीनबद्दल खूप विचारणा होते. अर्धा-पाऊण तास इंजिन आयडलिंगला ठेवून तो गॅस इनटेकमध्ये सोडतात. व्हॉल्व्हच्या पाठीवरचा कडक थर त्यानं निघताना मी पाहिलेला नाही. करायचंच असेल तर आधी आणि नंतर कॅमेरा आत घालून तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

डिझेलमध्ये इनटेकचा कार्बन ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेतून येतो. धुरातली काजळी आणि पीसीव्हीची तेलकट वाफ एकत्र आली की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) डांबरासारखा थर बसतो, ईजीआर व्हॉल्व्ह अडकतो, स्कॅनरवर पी०४०१ कोड येतो, गाडी काळा धूर टाकते. टाकीतलं ॲडिटिव्ह तिथे पोहोचत नाही. ईजीआर आणि मॅनिफोल्ड काढून साफ करावे लागतात. पत्रा लावून ईजीआर बंद करणं बेकायदा आहे आणि बहुतेक गाड्यांत चेक इंजिन लागून वर नवा त्रास सुरू होतो. इंजेक्टरसाठी डिझेलचंच ॲडिटिव्ह वापरा, पेट्रोलचं नाही. बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला तर लगेच मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगानं चालवून रिजनरेशन, म्हणजे त्यातली काजळी जळणं, पूर्ण होऊ द्या. मध्येच बंद केलं तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ती वाढ दिसली तर ऑइल लगेच बदला.

बाटलीच्या पलीकडे

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत व्हॉल्व्हची पाठ साफ करायचा खरा मार्ग मॅनिफोल्ड काढून आहे. त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या दाबानं मारतात आणि लगेच व्हॅक्युमनं ओढून घेतात. चुरा धातूपेक्षा मऊ असल्यानं व्हॉल्व्हला ओरखडा येत नाही. ती यंत्रणा नसेल तर क्लीनर भिजत ठेवून ब्रशनं आणि हातानं खरवडतात, वेळ जास्त लागतो पण होतं. दोन्हीत एक गोष्ट स्वतः बघा: प्रत्येक सिलिंडरचे व्हॉल्व्ह खरंच बंद स्थितीत आणून मगच काम करतायत ना. उघड्या व्हॉल्व्हमधून खपली आत गेली तर सिलिंडरला चरे पडतात.

हेड खोलायची वेळ फक्त कॉम्प्रेशन बघूनच ठरवा. चारही सिलिंडरमध्ये फार तर १०-१५ टक्क्यांचा फरक चालतो. एखादा फारच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. व्हॉल्व्हची केस असेल आणि हेड निघणारच असेल, तर व्हॉल्व्ह ग्राइंड करतानाच सगळे व्हॉल्व्ह सीलही बदलून घ्या, नवा हेड गॅस्केट चांगल्या कंपनीचा घ्या, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आणि क्रमानंच आवळले जातायत ना, हे तिथे उभं राहून बघा. जुने सील बसवून हेड बंद केलं, तर नव्यानं घासलेल्या व्हॉल्व्हवर पहिल्या हजार किलोमीटरपासूनच तेल उतरायला लागेल.